पाहुण्याचा हिशेब

परदेशीं शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या आयुष्यांत शनिवार-रविवारला किती महत्त्व असतें, हें घरीं राहून शिकलेल्या माणसाच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत व्याख्यानें, प्रयोगशाळा आणि पोटासाठीं पत्करलेलें काम यांच्या ओढाताणींत आपण एकटे आहोंत हें आठवावयासही त्याला सवड नसते. ती सवड शनिवारीं मिळते. जर्मनीसारख्या देशांत तर रविवारीं बहुतेक दुकानें बंद असतात. रविवार विसाव्याचा दिवस म्हणून राखावा हें कलम १९१९ च्या वायमार राज्यघटनेंत होतें व १९४९ च्या मूलभूत कायद्यानें तें तसेंच चालू ठेवलें. तेथील माणसाला हा विसावा सुखाचा वाटतो, कारण त्याच्या विसाव्याला घर असतें. ज्याच्यापाशीं एक खोली आणि चौघांत मिळून एक स्वयंपाकघर एवढेंच आहे, त्याला तीच शांतता जड जाते. म्हणून शुक्रवारचीं व्याख्यानें आटोपतांच कित्येक विद्यार्थी पाठीवर पिशवी टाकून दुसऱ्या गांवच्या मित्रांकडे निघतात. मे २०२३ मध्यें त्या देशांत सर्व प्रादेशिक गाड्यांना चालणारें मासिक तिकीट सुरू झालें. आरंभीं त्याची किंमत ४९ युरो होती, पुढें ती वाढली, आणि विद्यार्थ्यांना विद्यापीठांच्या मार्फत तें कमी दरानें मिळूं लागलें. परंतु लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांना तें चालत नाहीं. त्यामुळें आखेनहून लाइपत्सिगला जाणारा विद्यार्थी हाम, कासेल अशा ठिकाणीं गाड्या बदलीत दिवसाचा बराच भाग प्रवासांत घालवितो. इतके तास खर्चून तो दोन रात्री मित्राच्या खोलींत जमिनीवर झोंपतो आणि रविवारीं परत फिरतो. या खटाटोपांत त्याला काय मिळतें, आणि त्यासाठीं तो कोणाचें काय देणें लागतो, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं.

मला तो एका जुन्या विद्यार्थ्याच्या पत्रामुळें सुचला. वर सांगितलेलाच प्रवास करून तो आपल्या कॉलेजांतल्या तीन मित्रांकडे लाइपत्सिगला गेला होता. शनिवारीं चौघे शहरांत हिंडले. बाख या संगीतकारानें १७२३ पासून १७५० मध्यें मृत्यु येईपर्यंत ज्या सेंट टॉमस चर्चची सेवा केली, तें त्यांनीं पाहिलें. रात्रीं खिचडी आणि पिठलें करून जेवले. शेजाऱ्यांची झोंपमोड होऊं नये म्हणून दहानंतर आवाज खालीं आणून दोन वाजेपर्यंत बोलत बसले. या विद्यार्थ्यानें घरून आलेल्या चकल्यांचा डबा बरोबर नेला होता, तो त्याच रात्रीं संपला. रविवारीं परतीच्या गाडींत त्याच्या मोबाइलवर एक सूचना आली. खर्च वांटून घेण्यासाठीं हल्लीं ज्या सोयी निघाल्या आहेत त्यांपैकीं एकींत मित्रांनीं त्या दोन दिवसांचा सारा खर्च टिपून ठेवला होता : तांदूळ, डाळ, दहीं, कांदे, ट्रामचें तिकीट. चौघांत भागून याच्या वांट्याला ११ युरो ४० सेंट आले होते. पुढचें स्टेशन येण्यापूर्वींच त्यानें ते पाठवून दिले. त्यानें मला लिहिलें होतें : "सर, रक्कम अगदीं योग्य होती. त्यांनीं मागितली नसती तर मी आपण होऊन विचारलें असतें. मग मला वाईट कां वाटलें ? हा माझा जुनाटपणा समजूं, कीं त्यांत कांहीं तथ्य आहे ?"

माझ्या वयाचे बहुतेक लोक हें ऐकून 'काय दिवस आले !' असें म्हणून मोकळे होतील. परंतु उद्गारानें प्रश्नाचें उत्तर होत नाहीं. शिवाय हा प्रश्न एकट्या-दुकट्याचा राहिलेला नाहीं. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रांत एकट्या जर्मनींतील भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ४९ हजारांच्या वर गेली होती. तेव्हां आधीं त्या तीन मित्रांची बाजू नीट मांडली पाहिजे, आणि ती वाटते तितकी दुबळी नाहीं.

पहिली गोष्ट त्यांच्या ऐपतीची. त्या देशांत शिकावयास जाणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला आपल्या निर्वाहाची तजवीज आगाऊ दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो ठरविण्यांत आली. बहुतेक जण ती बँकेच्या बंद खात्यांत ठेवतात आणि त्यांतून दरमहा ९९२ युरोंहून अधिक काढतां येत नाहींत. त्यांतच खोलीचें भाडें, आरोग्यविमा, प्रवास आणि जेवण. कित्येकांची ही रक्कम वडिलांनीं घर किंवा शेत तारण ठेवून काढलेल्या कर्जांतून आलेली असते. अशा स्थितींत पाहुण्याच्या दोन दिवसांचा भार हा केवळ मनाच्या मोठेपणाचा विषय राहत नाहीं. तिघांपैकीं एक जण जास्त ओढगस्तींत असेल, तर संकोचामुळें तो बोलणार नाहीं आणि मुकाट्यानें महिन्याच्या अखेरीस एक वेळचें जेवण टाळील. हिशेब उघड ठेवल्यानें त्याचा संकोच वांचतो. ज्याला 'नाहीं' म्हणण्याची सोय नाहीं, त्याच्याकडून घेतलेलें आतिथ्य हें एक प्रकारची वसुलीच असते.

दुसरी गोष्ट आमच्या पिढीला अधिक झोंबणारी आहे. जुन्या आतिथ्याचे गोडवे गातांना त्याचा खर्च कोणाच्या नांवें पडत होता हें आपण विचारीत नाहीं. घरीं पाहुणा आला म्हणजे पुरुष मंडळी बैठकींत 'जेवल्यावांचून जायचें नाहीं' असा आग्रह करीत, आणि त्या आग्रहाची अंमलबजावणी आंत चुलीपुढें बसलेल्या बाईला करावी लागे. आयत्या वेळीं पीठ भिजवावयाचें, भाजीला पाणी वाढवावयाचें, आणि सर्वांच्या मागून उरलेंसुरलें आपण खावयाचें, हा तिचा वांटा. पुण्य एकाच्या खातीं जमा होई आणि श्रम दुसऱ्याच्या. लाइपत्सिगच्या त्या खोलींत ज्यांनीं पाहुण्याला बोलाविलें त्यांनींच कांदे चिरले आणि त्यांनींच भांडीं घांसलीं. एवढ्यापुरतें त्यांचें आतिथ्य आपल्याहून स्वच्छ होतें, आणि खर्च कोणी केला हें लिहून ठेवण्याची संवय ही त्या स्वच्छतेचाच एक भाग आहे, असें कोणीं म्हटलें तर तें सहज खोडून काढतां येणार नाहीं.

तिसरा युक्तिवाद पंडितांचा आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यानें १९२५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या दानविषयक निबंधांत असें दाखविलें कीं निरनिराळ्या समाजांत देणें, घेणें आणि परत करणें या तिन्ही गोष्टी बंधनकारक असतात. वरून ऐच्छिक दिसणाऱ्या देणगीच्या पोटीं परतफेडीची अपेक्षा असतेच. आपल्याकडील लग्नांत अहेराची वही ठेवणाऱ्या कोणाही गृहस्थाला हें सांगावयास मोसची गरज नाहीं. मग जी अपेक्षा मनांत असतेच ती आंकड्यांत मांडली तर बिघडलें कोठें ?

येथपर्यंत मित्रांची बाजू. आतां ज्याला वाईट वाटलें त्याची बाजू पाहूं. त्याचें दुःख रकमेविषयीं नव्हतें हें तो स्वतःच सांगतो. मला वाटतें, आपण त्या घरीं कोण होतों, हें त्या आंकड्यानें त्याला निराळ्या रीतीनें सांगितलें. म्हणून तो तेथें खरोखर कोण होता, हें ठरविल्याशिवाय प्रश्नाचा उलगडा होणार नाहीं.

तो अतिथि होता काय ? आपल्या धर्मशास्त्राला विचारलें तर उत्तर नकारार्थी येतें. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांतील व्याख्येप्रमाणें जो एकच रात्र राहतो तो अतिथि, कारण त्याचें राहणें नित्याचें नसतें. आणि थोडें पुढें स्पष्ट म्हटलें आहे कीं मित्र, नातलग आणि गुरु यांना अतिथि म्हणत नाहींत. (त्याच वचनांत आणखीही कांहीं जणांना वगळलें आहे, त्याकडे मी शेवटीं वळेन.) ग्रीकांकडे वळलें तरी तीच वाटणी दिसते. ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्राच्या आठव्या भागांत मैत्रीचे तीन प्रकार सांगितले : उपयोगासाठीं असलेली, सुखासाठीं असलेली आणि सद्गुणावर उभी असलेली. यजमान-पाहुण्याचें नातें त्यानें पहिल्या, म्हणजे उपयोगाच्या वर्गांत टाकलें आहे. म्हणजे हिंदु स्मृतिकार म्हणतो, मित्र हा अतिथि नव्हे. आणि ग्रीक तत्त्वज्ञ म्हणतो, अतिथीची मैत्री ही श्रेष्ठ मैत्री नव्हे. दोघांनाही हीं दोन नातीं एकत्र येतील असें वाटलें नाहीं, याचें कारण उघड आहे. दोघांच्याही डोळ्यांपुढें गृहस्थ होता. ज्याला घर, शेत आणि कोठार आहे तो दारीं आलेल्या परक्याला वाढतो. मित्र तर रोजच्या उठण्याबसण्यांतला असतो. विद्यार्थी या चित्रांत बसत नाहीं. आपल्या आश्रमव्यवस्थेंत विद्यार्थी स्वतःच भिक्षा मागणारा आहे. त्यानें कोणाला वाढावें अशी अपेक्षाच नाहीं. परदेशांत दोन ब्रह्मचारी एकमेकांचे यजमान-पाहुणे होतात तेव्हां ज्याच्यापाशीं घर नाहीं तो ज्याच्यापाशीं घर नाहीं त्याला आसरा देत असतो. हें दृश्य शास्त्रकारांनीं पाहिलेलें नव्हतें.

कांटच्या एका भेदानें या दृश्याची किंमत अधिक स्पष्ट होते. चिरशांतीवरील आपल्या १७९५ च्या निबंधांत तो म्हणतो कीं पृथ्वी वाटोळी आहे, तिच्या पाठीवर माणसांना अमर्याद पांगतां येत नाहीं, म्हणून कधीं ना कधीं त्यांनीं एकमेकांना सहन केलेंच पाहिजे. यावरून तो परक्याला भेटीचा हक्क देतो : दुसऱ्याच्या भूमीवर आल्याबद्दल त्याला शत्रूसारखें वागवूं नये. परंतु पाहुणा म्हणून घरांत राहण्याचा हक्क यांत येत नाहीं. त्यासाठीं सौजन्याचा वेगळा करार लागतो, असें तो बजावतो. आजच्या विद्यार्थ्याच्या हातांतला परवाना हा या भेटीच्या हक्काचाच सरकारी कागद होय. त्याच्या जोरावर त्याला विद्यापीठांत प्रवेश, बँकेंत खातें आणि ठराविक दिवसांपुरतें काम मिळतें. 'दमला असशील, आधीं जेवून घे' असें म्हणणारें दार त्या कागदांत कोठेंच नसतें. तें दार राज्य देत नाहीं, तें माणूसच उघडतो. शुक्रवारीं निघालेला विद्यार्थी नेमकें तेंच शोधावयास निघालेला असतो.

आतां मुख्य मुद्दा. आपल्याकडे तीन ऋणें प्रसिद्ध आहेत : देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण. तीं यज्ञानें, अध्ययनानें आणि संततीनें फिटतात असें सांगितलें जातें. परंतु शतपथ ब्राह्मणाच्या पहिल्या कांडांत यांच्या जोडीला चौथें ऋण सांगितलें आहे, तें मनुष्यऋण. मनुष्य जन्मतःच माणसांचा ऋणी असतो, आणि माणसांना आसरा व अन्न देऊन तो या ऋणांतून मुक्त होतो, असा त्या वचनाचा आशय आहे. हें चौथें ऋण पुढें तिघांच्या प्रसिद्धींत झांकलें गेलें. मला मात्र तें चौघांत सर्वांत अर्थपूर्ण वाटतें, कारण त्यानें आतिथ्याचा सगळा हिशेबच उलटा होतो. आपली नेहमीची समजूत अशी कीं यजमान देतो, म्हणून तो धनको. आणि पाहुणा घेतो, म्हणून तो ऋणको. त्या वचनाप्रमाणें पाहिलें तर यजमान कोणाला कर्ज देत नसून आपल्या डोक्यावरचें जुनें देणें फेडीत असतो. पाहुणा त्या फेडीची वेळ घेऊन दारीं येतो, इतकेंच. ज्यानें आपलें देणें चुकविलें त्यानें त्याबद्दल बिल पाठवावयाचें नसतें.

हें कोणाला शब्दांचा खेळ वाटेल. तसें वाटूं नये म्हणून त्या तीन मित्रांचीच गोष्ट घ्यावी. त्यांच्यापैकीं प्रत्येक जण केव्हां तरी दोन जड पेट्या घेऊन एका अनोळखी स्टेशनवर उतरला असेल. कोणी तरी पुढें आलेला विद्यार्थी त्याला न्यावयास आला असेल. पहिल्या चार-दोन रात्री कोणाच्या तरी खोलींत त्यानें काढल्या असतील. सरकारी कचेरींतील नोंदणी, विमा, बँक यांची वाट कोणीं तरी त्याला दाखविली असेल. परदेशीं गेलेल्या विद्यार्थ्यांत असा कोणी न भेटलेला विरळाच. त्या पहिल्या रात्रीची परतफेड कोणीं केली ? बहुधा करतांच आली नाहीं; तो पुढचा विद्यार्थी शिक्षण संपवून दुसऱ्या गांवीं गेला. पितृऋण ज्याप्रमाणें बापाला परत देतां येत नाहीं, मुलाला द्यावें लागतें, त्याचप्रमाणें हें ऋणही देणाऱ्याकडे परत जात नाहीं. तें पुढें सरकतें. लाइपत्सिगच्या खोलीचा हिशेब शनिवारच्या तांदळापासून सुरू केला ही त्यांतली खरी चूक. तो एक-दोन वर्षें आधीं, त्या पहिल्या रात्रीपासून सुरू व्हावयास हवा होता. आणि तसा तो केला असता तर पाहुण्याच्या नांवें कांहींच निघालें नसतें.

आपल्या भाषेनें ही गोष्ट एका शब्दांत सांगून ठेवली आहे. दोन माणसांचा ज्या अदृश्य कारणानें जिव्हाळा जडतो त्याला आपण ऋणानुबंध म्हणतों. ऋण हेंच येथें बंध आहे. कर्ज फिटलें म्हणजे सावकाराकडे जाण्याचें कारण उरत नाहीं. ११ युरो ४० सेंट पोंचले कीं त्या दोन दिवसांचें खातें बंद होतें. खातें बंद झाल्याचें जें दुःख, तेंच माझ्या विद्यार्थ्याला झालें. आणि हिशेबाच्या उणेपणाची एक खूण त्याच्या पत्रांतच होती : त्या यादींत कांद्यांना जागा होती, चकल्यांना नव्हती. दुकानांत ज्याची पावती मिळते तेवढेंच यादींत चढूं शकतें. आईनें भाजून, दळून, तळून सात समुद्रांपलीकडे पाठविलेल्या डब्याची आणि दोन वाजेपर्यंतच्या बोलण्याची पावती नसते. सगळें लिहितां आलें असतें तर हिशेब न्याय्य तरी झाला असता. अर्धें लिहिलें म्हणून तो न्याय्यही राहिला नाहीं.

तर मग ऐपतीचा जो पहिला मुद्दा होता त्याचें काय ? तो खोटा ठरत नाहीं. परंतु गरिबींतही एक रीत असते. 'येतांना तांदूळ घेऊन ये', किंवा दुकानांत उभें असतांना 'आज भाजीचे पैसे तूं दे', असें म्हणण्यांत कसलाच कमीपणा नाहीं. आधीं मागितलेला हात हा मदतीचा असतो. त्यानें पाहुणा घरचा होतो. तीच रक्कम तो गेल्यावर मागितली म्हणजे तो भाडेकरू ठरतो. पैसे तेच, वेळ निराळी, आणि त्या वेळेनें अर्थ बदलतो. ज्या सहलीला चौघे मिळून निघाले तिचा खर्च चौघांनीं भागून घेणें हें योग्यच; परंतु एकानें दुसऱ्याला आपल्या दारीं बोलाविलें म्हणजे ती सहल राहत नाहीं. उलट बाजूनें हेंही म्हटलें पाहिजे कीं पुढचें स्टेशन येण्यापूर्वीं पैसे पाठविण्याच्या त्वरेंतही एक रुसवा होता. न बोलतां फेडून टाकणें हाही नातें तोडण्याचाच एक सभ्य प्रकार आहे. मनांत आलेलें त्यानें मित्रांना हंसत बोलून दाखविलें असतें तर चौघांचेंही हित झालें असतें.

यजमान ऋणको आहे याचा अर्थ पाहुणा निर्धास्त आहे असा मात्र नाहीं. आपल्या लोकांत पहिल्या दिवसाचा पाहुणा तिसऱ्या दिवशीं नकोसा होतो असें सांगणारी म्हण आहेच, आणि मनूची एका रात्रीची मर्यादाही त्याच शहाणपणांतून आली असावी. यजमानाच्या परीक्षा, त्याच्या कामाच्या पाळ्या, त्याची झोंप यांचा विचार करून वेळेवर उठून जाणें, हें पाहुण्याचें पहिलें कर्तव्य. दुसरें त्याहून अवघड आहे : ज्या घरचें आपण खाल्लें त्या घराशीं आपल्याविषयीं खरें बोलणें.

याचें सर्वांत चांगलें उदाहरण गांधींच्या आत्मकथेंत आहे. १८८८ ते १८९१ या काळांत ते लंडनमध्यें कायद्याचे विद्यार्थी होते. एकदां ते ब्रायटनला गेले असतां तेथील हॉटेलांत फ्रेंच भाषेंतील भोजनपत्रिका त्यांना कळेना. एका वृद्ध विधवा बाईनें त्यांना मदत केली, आणि पुढें लंडनमध्यें दर रविवारीं आपल्या घरीं जेवावयास बोलाविलें. ती त्यांची तरुण मुलींशीं ओळख करून देई. आपण विवाहित असून एका मुलाचे बाप आहोंत हें गांधींनीं त्या घरीं सांगितलें नव्हतें. त्या वेळीं तेथील पुष्कळ हिंदी विद्यार्थी हें लपवीत असत. शेवटीं त्यांनीं बाईला पत्र लिहून सर्व कांहीं कळविलें, आणि आपण आदराला अपात्र ठरलों असें वाटल्यास आपलें येणें बंद करावें असेंही लिहिलें. बाईनें हंसून तें मनावर घेतलें नाहीं, आणि रविवारचें आमंत्रण कायम ठेवलें. या हकीकतींत जेवणाच्या परतफेडीचा उल्लेखही नाहीं. दर रविवारचें जेवण गांधींना फुकट मिळत होतें याची टोंचणी त्यांना लागलेली दिसत नाहीं. जी लागली ती असत्याची. ज्याचें मन स्वच्छ आहे अशा पाहुण्याला कोणती गोष्ट देणें लागते हें नेमकें कळतें, आणि ती सहसा पैशांत मोजण्यासारखी नसते.

आतां राहिला तो मनुस्मृतीच्या वचनाचा उरलेला भाग. मित्राला अतिथि म्हणूं नये असें जेथें सांगितलें आहे, तेथेंच ब्राह्मणाच्या घरीं क्षत्रिय, वैश्य आणि शूद्र यांनाही अतिथि म्हणत नाहींत असें सांगितलें आहे. मागून त्यांना जेवूं घालण्याची मुभा आहे, पण अतिथीचा मान नाहीं. शतपथांतील मनुष्यऋणांत 'मनुष्य' असा शब्द होता. स्मृतींत तो जातीजातींत वांटला गेला. या वांटणीचा अर्थ काय होतो हें ज्याला भोगावें लागलें, तो परदेशीं शिकून आलेला एक विद्यार्थीच होता.

डॉ. आंबेडकर १९१३ मध्यें कोलंबिया विद्यापीठांत शिकावयास न्यूयॉर्कला गेले. तेथें नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशीं त्यांची जी मैत्री जुळली ती जन्मभर टिकली. पुढें लंडनमध्यें शिकून १९१७ मध्यें ते बडोदें संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हां त्या शहरांत त्यांना उतरावयास जागा मिळेना. नांव बदलून ते एका पारशी धर्मशाळेंत राहिले. अकराव्या दिवशीं हातांत काठ्या घेतलेले पारशी लोक तेथें आले आणि त्यांनीं त्यांना बाहेर काढलें. एक हिंदु आणि एक ख्रिस्ती अशा दोन मित्रांना त्यांनीं आसरा विचारला. एकाला घरचे नोकर निघून जातील अशी भीति होती, दुसऱ्याची पत्नी सोंवळ्या विचारांची होती. गाडीची वेळ होईपर्यंत ते एका बागेंत बसून राहिले आणि रात्रीं मुंबईस परतले. ही हकीकत त्यांनींच पुढें लिहून ठेवली आहे. परदेशांतल्या वर्षांनीं आपण अस्पृश्य आहोंत ही जाणीव मनांतून पार पुसली गेली होती, असेंही ते सांगतात. न्यूयॉर्कमध्यें ज्यांना पारशी मित्र मिळाला त्यांनाच बडोद्यांत पारशी धर्मशाळा मिळाली नाहीं. आणि ज्यांना मित्र म्हणावें त्यांच्याही दारांतून आंत जातां आलें नाहीं. २५ डिसेंबर १९२७ रोजीं महाडला मनुस्मृतीचें दहन झालें, तें कशाचें दहन होतें हें समजण्यास बडोद्याची ती बाग आठवावी.

याच्या उलट टोंकाला दुसरें एक घर आहे. आनंदीबाई जोशी १८८३ मध्यें, वयाच्या अठराव्या वर्षीं, वैद्यक शिकावयास अमेरिकेला गेल्या. न्यू जर्सींतील रोझेल या गांवच्या कार्पेंटरबाईंनीं एका मिशनरी मासिकांत त्यांच्याविषयीं वाचून आपण होऊन पत्र लिहिलें होतें, आणि त्या पत्रव्यवहाराच्या जोरावर त्यांनीं या अनोळखी मुलीला आपल्या घरीं उतरवून घेतलें. भाषा, धर्म, वर्ण, आहार यांपैकीं कांहींच समान नव्हतें. तरी आनंदीबाईंनीं त्या नात्याला मावशीचें नांव दिलें. त्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयांतून १८८६ मध्यें पदवी घेऊन परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत वारल्या. त्यांची रक्षा कार्पेंटर कुटुंबाच्या न्यूयॉर्क राज्यांतील पोकीप्सी येथील स्मशानभूमींत ठेवली आहे. पाहुणी म्हणून आलेली मुलगी शेवटीं त्या कुटुंबाच्या जागेंत विसावली. हा व्यवहार कोणत्याही यादींत मांडून कोणीं भागून दाखवावा !

परदेशीं गेलेला आपला विद्यार्थी शनिवारीं 'आपल्या माणसांकडे' जातो, हें स्वाभाविक आहे, आणि त्यांत दुबळेपणा कांहीं नाहीं. आठवडाभर परक्या भाषेंत विचार करून थकलेली जीभ एक दिवस सैल सोडावीशी वाटणारच. परंतु आपलीं माणसें कोणतीं, हें तेथें त्याला नव्यानें ठरवितां येतें, आणि ही संधि घरीं सहसा मिळत नाहीं. आडनांव विचारून जी मंडळी जमते तींत तो बसला, तर त्यानें बडोदें बरोबर नेलें असें म्हणावें लागेल. माझ्या विद्यार्थ्याला मी एवढेंच कळविलें कीं वाईट वाटणें हा जुनाटपणा नव्हे; पण त्या वाईट वाटण्याचा उपयोग मित्रांना दोष देण्यांत न करतां पुढें करावा. या सत्रांत कोणी तरी नवखा विद्यार्थी आखेनच्या स्टेशनवर उतरेल. त्याचें गांव, भाषा आणि आडनांव कोणतेंही असो, दोन रात्री त्याला आपल्या खोलींत जागा द्यावी, गरम जेवूं घालावें, आणि शनिवार असेल तर दुकानें बंद होण्यापूर्वीं रविवारपुरतें दूध आणि पाव आणून ठेवावा. ११ युरो ४० सेंटांचा हिशेब त्यानें मिटणार नाहीं. परंतु ज्या मोठ्या खात्यांत तो एक लहानसा आंकडा आहे, तें चालू राहील.